सिझरनं सिफिलीस टळत नाही: ऊसतोडीवरून परतलेल्या एका गरोदर बाईचं प्रकरण

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं हे जोडपं. बाई २३ वर्षांची, नवरा २७ चा. दोघं मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. दसरा झाला की टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावर जायचं आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्चमध्ये गावी परतायचं. ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. वैद्यकीय बाजू आणि निर्णयांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. मी या भागातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात समुपदेशनाचं काम करते.

दोन हंगामांपूर्वी तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. आठव्या महिन्यात, खोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) असतानाच, बाळाची हालचाल थांबली. तिथल्या रुग्णालयात मेलेलं बाळ जन्माला आलं. तेव्हा तिचं रक्त तपासलं होतं का, याचा कुठलाही कागद नाही. घरात एकच गोष्ट ठरून गेली होती: डोक्यावर मोळी वाहिली म्हणून लेकरू गेलं.

या खेपेला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा टोळी निघायच्या बेतात होती. पहिल्या वेळची धास्ती असल्यामुळे सासूनं बाहेर वाच्यता होऊ दिली नाही. त्यामुळे आशाताईंच्या यादीत नाव नाही, नोंदणी नाही, रक्ततपासणी नाही. तिकडं फडावर एकदा नर्स येऊन लोहाच्या गोळ्या देऊन गेली, एवढंच. गाव म्हणतं, बाई तिकडं गेलेली आहे. तिकडचे म्हणतात, आमच्या यादीत नाही. ऊसतोडीच्या गावात काम करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

मार्चच्या ९ तारखेला आशाताई तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन आल्या. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी असते. पाळीच्या तारखेवरून साधारण ३० आठवडे भरलेले. हिमोग्लोबिन ८.४. एचआयव्ही निगेटिव्ह, कावीळ ब निगेटिव्ह. सिफिलीसच्या रॅपिड किटवर मात्र दुसरी रेघ उमटली.

अडचण

सिफिलीस, म्हणजे गावाकडं ज्याला गरमी म्हणतात तो संबंधातून लागणारा आजार, वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. सुरुवातीचा फोड दुखत नाही आणि उपचार न करताही भरून येतो. बाईला तो दिसत नाही, कुणाला सांगण्यासारखं काही होत नाही. रक्तात जंतू मात्र राहतात, आणि दिवस गेले की वारेतून ते बाळापर्यंत पोचतात. गर्भपात, पोटात बाळ दगावणं, कमी दिवसांचं किंवा आजारी बाळ, हे सगळं त्यातून होऊ शकतं. तपासणी लवकर झाली आणि पेनिसिलिन वेळेत मिळालं, तर त्यातलं बहुतेक सारं टळतं.

आरोग्य केंद्रातून रक्ताचा नमुना आमच्याकडे आरपीआरसाठी, म्हणजे आजाराचा जोर दाखवणाऱ्या रक्ततपासणीसाठी, आला. टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण, १:३२ (दुसरा आकडा मोठा तितकं प्रमाण जास्त). याआधीचं मृत बाळ आणि संसर्ग कधीचा हे माहीत नसणं, या दोन्हींमुळे स्त्रीरोगतज्ज्ञांनी संसर्ग जुना धरूनच उपचार ठरवले: बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, आठवड्याच्या अंतरानं तीन वेळा. गरोदरपणात बाळापर्यंत पोचून काम करतं हे सिद्ध झालेलं औषध हे एकच आहे, म्हणून ॲलर्जी असली तरी दुसरं औषध देण्यापेक्षा डिसेन्सिटायझेशन (थोडं थोडं देऊन अंगाला सवय लावणं) करून पेनिसिलिनच द्यायची पद्धत आहे. हिला ॲलर्जीचा इतिहास नव्हता.

इथपर्यंत पुस्तकातल्यासारखं सरळ होतं. त्यानंतर एकामागोमाग एक चार गोष्टी घडल्या.

रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन द्यायला हवं होतं. हातची बाई परत येईल की नाही याची खात्री नसते तिथं आरपीआरची वाट न पाहता पहिला डोस द्यावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. केंद्रात औषध होतं. पण रिॲक्शन आली तर काय, या भीतीनं ते दिलं गेलं नाही आणि बाईला आमच्याकडे पाठवलं. त्यात चार दिवस गेले.

दुसरी गोष्ट कार्डाची. माता बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्याच पानावर कुणीतरी लाल पेनानं ‘सिफिलीस पॉझिटिव्ह’ असं ठळक लिहिलं. ते कार्ड घरात फळीवर असतं, येणारा-जाणारा बघतो. दहावी शिकलेल्या पुतण्यानं ते मोठ्यानं वाचलं.

तिसरी गोष्ट पहिल्या इंजेक्शनच्या रात्रीची. तिला थंडी वाजून ताप भरला, पोट कडक यायला लागलं. औषधानं जंतू एकदम मरतात तेव्हा काही जणांना असा ताप येतो. तो बहुधा २४ तासांत उतरतो. गरोदर बाईला त्यात कळा येऊ शकतात, म्हणून हालचाल कमी वाटली किंवा कळा थांबेनात तर लगेच दवाखाना गाठायचा असतो. यातलं काहीही तिला किंवा सासूला आधी सांगितलेलं नव्हतं. “इंजेक्शन दिलं आन् रातीच पोट दगडावानी झालं. पयलं गेलं, आता ह्येबी घालवता का?” सासूचं हे बोलणं चुकीचं कसं म्हणावं? तिच्या जागी कुणीही हेच म्हटलं असतं.

चौथी गोष्ट: सासूनं तिला तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथं पुन्हा किटवर तपासणी झाली आणि पुन्हा पॉझिटिव्ह आली. किटवरची ही तपासणी एकदा पॉझिटिव्ह आली की उपचार पूर्ण झाले तरी बहुतेकांत जन्मभर पॉझिटिव्हच येते. औषध लागू पडतंय का हे आरपीआरच्या टायटरवरून बघायचं असतं, तेही काही आठवड्यांनी. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘इंजेक्शनचा गुण नाही’ असा घेतला. सल्ला मिळाला: इन्फेक्शन आहे, आधीचं बाळ गेलेलं आहे, ३७ आठवड्यांना सिझर करून टाकू. घरच्यांना तो पटला. पैशांसाठी दीर मुकादमाकडे, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडे, गेला आणि पुढच्या हंगामाची उचल (आगाऊ रक्कम) आत्ताच मागून आला.

दुसऱ्या इंजेक्शनला ती आली नाही.

समोर असलेले पर्याय

आशाताई घरी जाऊन आल्या आणि तिला घेऊन आल्या, तेव्हा पहिल्या इंजेक्शनला १२ दिवस झाले होते. आता दोन निर्णय एकत्र येऊन पडले: उपचारांचं काय, आणि बाळंतपण कुठं व कसं.

उपचारांबाबत मार्गदर्शिकांमध्येच फरक आहे. जागतिक आरोग्य संघटना दोन डोसांमधलं अंतर १४ दिवसांपर्यंत चालवून घेते. अमेरिकेच्या सीडीसीची मार्गदर्शिका गरोदर बाईसाठी ९ दिवसांवर अंतर गेलं की पूर्ण कोर्स पुन्हा सुरू करायला सांगते. १२ वा दिवस बरोबर मधोमध. दुसरा डोस देऊन पुढं जाणं सोपं होतं, एक फेरी वाचली असती. स्त्रीरोगतज्ज्ञांनी पहिल्यापासून सुरू करायचं ठरवलं. ३२ आठवडे झाले होते, म्हणजे हातात वेळ होता, आणि औषध जास्त झाल्यानं नुकसान नव्हतं. कमी पडल्यानं झालं असतं. मला हा निर्णय पटतो, पण हेच ३६ व्या आठवड्यात घडलं असतं तर एवढ्या सहज घेता आला नसता.

बाळंतपणाच्या बाबतीत घरच्यांच्या डोक्यात एकच समीकरण होतं: खालून बाळ आलं की आजार लागतो, वरून काढलं की लागत नाही. हे समीकरण हवेतून आलेलं नाही. काही आजारांत त्यात तथ्य आहे. कळा सुरू होताना जननांगावर हर्पिसचे ताजे फोड असतील तर सिझरनं बाळाचा धोका खरोखर कमी होतो. एचआयव्हीत, परदेशांत, विषाणूंचं प्रमाण जास्त राहिलं तर ठरवून सिझर करतात. आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रमात भर असतो तो आईच्या औषधांवर, आणि सिझर फक्त बाळंतपणाच्याच कारणासाठी. कावीळ ब मध्ये आपल्याकडे बाळंतपणाचा मार्ग बदलत नाहीत, बाळाला २४ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन देणं महत्त्वाचं असतं. सिफिलीसमध्ये मात्र जंतू बाळापर्यंत मुख्यतः वारेतून, कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी पोचतात. खाली ताजी जखम असेल तर बाळंत होतानाही लागू शकतं. हिला तपासणीत तशी जखम नव्हती. सिझर केलं असतं तरी जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं.

म्हणून सिझरचा विचार बाकीच्या तराजूत करायचा होता. आधीचं मृत बाळ हे जास्त जपण्याचं कारण आहे. त्यासाठी नियमित तपासणी, सोनोग्राफी आणि दिवस भरत आल्यावर कळा आणण्याचा विचार करता येतो. त्यावरून एकट्यानं सिझर ठरत नाही. उलट बाजूला ८.४ हिमोग्लोबिन होतं, आणि सिझरमध्ये रक्त जास्त जातं. आणि एक गोष्ट जी आमच्या कुठल्याच फॉर्मवर नसते: ही बाई ऑक्टोबरमध्ये पुन्हा फडावर जाणार होती. पोटावर टाके, डोक्यावर मोळी. पुढचे दिवस गेले आणि कळा खोपीवर सुरू झाल्या, तर पिशवीवरचा जुना टाका फाटण्याचा धोका, आणि ऑपरेशन थिएटर किती लांब कुणास ठाऊक. वर मुकादमाची उचल, म्हणजे जायचं की नाही हे ठरवायचीही सोय नाही.

जागेचे तीन पर्याय होते. प्राथमिक आरोग्य केंद्र घराजवळ, पण तिथं बाळाची तपासणी आणि उपचार होणार नव्हते. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय सगळ्यात सज्ज, पण लांब, आणि घरचं माणूस सोबत राहणं अवघड. उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि नवजात बालकांचा कक्ष तिन्ही होते. सोनोग्राफीत बाळाचं यकृत मोठं, पोटात पाणी किंवा वार जाड असं काही दिसलं, तर मोठ्या रुग्णालयात जायचं, नाहीतर इथंच, असं ठरलं. सोनोग्राफीत तसलं काही निघालं नाही.

काय केलं

सगळ्यात आधी तिच्याशी एकटीशी बोलणं झालं. सासू बाहेर बाकावर, आशाताई सासूजवळ. तिनं पहिलाच प्रश्न विचारला: “म्हंजी पयलं लेकरू ह्याच्यामुळंच गेलं का, ताई?”

हो म्हणणं सोपं होतं, नाही म्हणणं त्याहून सोपं. तिला सांगितलं की तेव्हा रक्त तपासलेलं नाही, त्यामुळे खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. पण असू शकतं. मोळी उचलल्यामुळं गेलं असं धरून ती दोन वर्षं स्वतःला दोष देत होती, ते मात्र तसंच खरं मानायचं कारण नाही. ती बराच वेळ बांगडी फिरवत बसली. मग म्हणाली, “मंग ह्या येळेला व्हईल ते इंजेक्शन द्या.”

नवऱ्याला कसं सांगायचं, हा दुसरा प्रश्न. बऱ्याच ठिकाणी ‘रक्तगट बघायचाय’ असं सांगून नवऱ्याला बोलावतात आणि गुपचूप तपासून टाकतात. आम्ही ते केलं नाही. एक तर ते त्याच्या संमतीशिवाय होतं, आणि दुसरं, खोटं उघडं पडलं की तिसऱ्या डोसाला कुणीच येत नाही. ती म्हणाली, मी सांगते, पण तुम्ही समोर बसा. तसंच झालं. कुणाचं कुणाला लागलं हे कुठल्याही तपासणीत कळत नाही, हे त्याला आधीच सांगून टाकलं, आणि मला वाटतं त्यामुळेच आवाज चढले नाहीत. त्यानं इतकंच विचारलं की या इंजेक्शननं कामाला जाता येईल का. त्याचा आरपीआर १:८ आला. त्यालाही तीनच डोस. दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध नको, नाहीतर निरोध, हेही दोघांना एकत्रच सांगितलं.

सासूशी बोलताना आजाराचं नाव काढलं नाही. तो हक्क सुनेचा. पण कार्डावरचं घरात वाचलं गेलेलं होतंच. “मावशी, ताप औषधानं आला होता, बाळाला मारायला नाही. या वेळी आलाच तर काय करायचं ते आधी ऐकून घ्या,” असं म्हणून पॅरासिटामॉल कधी द्यायची, बाळाची हालचाल कशी मोजायची आणि १०८ ला कधी फोन करायचा, एवढं त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. या वेळी ताप आला नाही. हा त्रास बहुधा पहिल्याच डोसाला होतो.

इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरांचाही यात वाटा आहे. हे औषध दुधासारखं दाट असतं. सुई बारीक घेतली किंवा विरघळवून ठेवून दिलं तर मध्येच अडकतं, आणि मग बाईला दोनदा टोचावं लागतं. त्यांनी जाड सुई घेतली, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं अर्धं, सावकाश दिलं. ॲड्रेनॅलिन (रिॲक्शनवरचं औषध) ट्रेमध्ये भरून ठेवलेलं, आणि अर्धा तास बसवून ठेवलं. ३२, ३३ आणि ३४ व्या आठवड्यात, तिन्ही डोस वेळेवर झाले. सोबत शिरेतून लोह.

खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरांशी आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ फोनवर बोलल्या. भांडण झालं नाही. आपण सिझर आधीच्या मृत बाळामुळे सुचवलं होतं, आणि नातेवाईकांना आजारामुळे वाटलं तर आपण ते खोडून काढलं नाही, असं ते म्हणाले. प्रामाणिक उत्तर होतं. या एका वाक्यानं घरातला वाद निम्मा मिटला, कारण ‘तिकडचे डॉक्टरबी हेच म्हणतेत’ असं आशाताईंना सांगता आलं. दिरानं घेतलेली उचल बहुतेक परत गेली. थोडी खर्च झाली होती.

बाळंतपणात सोबत कोण, यावर तिनं माहेरच्या आईचं नाव घेतलं. सासू जरा नाराज झाली. ते आम्ही घरच्यांवरच सोडलं.

निष्पत्ती

३९ व्या आठवड्यात कळा आपणहून सुरू झाल्या. नैसर्गिक प्रसूती, मुलगी, वजन २.६ किलो. आईचं हिमोग्लोबिन १०.१ पर्यंत चढलं होतं. आरपीआर १:३२ वरून १:८ वर आला होता, म्हणजे चौपट घट. बाळाचा आरपीआर १:४. आईचेच प्रतिपिंड वारेतून बाळात येतात, त्यामुळे नुसता पॉझिटिव्ह आकडा बघून घाबरायचं नसतं. बाळाचा टायटर आईच्या चौपट किंवा जास्त असेल तर चिंता. बाळाची तपासणी नॉर्मल होती आणि आईचे उपचार प्रसूतीच्या चार आठवड्यांहून आधी पुरे झाले होते. म्हणून बालरोगतज्ज्ञांनी दहा दिवसांच्या शिरेतल्या पेनिसिलिनऐवजी बेंझाथिनचा एकच डोस दिला, किलोला ५०,००० युनिट प्रमाणे १.३ लाख. अंगावर पाजायला पहिल्या तासातच सुरुवात झाली; स्तनावर जखम नसेल तर सिफिलीसमध्ये दूध बंद करायचं कारण नाही.

तिसऱ्या महिन्यात मुलीचा टायटर १:१ होता. पुढची तपासणी सहाव्या महिन्यात, म्हणजे नोव्हेंबरात, ऐन हंगामात. त्यावर घरात बरीच ओढाताण झाली. शेवटी नवरा भावाबरोबर अर्धा कोयता म्हणून गेला आणि ती मुलीला घेऊन माहेरी राहिली. उत्पन्न निम्मं झालं, हे लिहायलाच हवं. आमच्या फाईलमध्ये ते कुठेच दिसत नाही. नोव्हेंबरात मुलीचा आरपीआर नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह, आला.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते सगळ्यात मोठी संधी दोन वर्षांपूर्वी हुकली. मृत बाळ जन्माला आलं की आईची सिफिलीसची तपासणी व्हायलाच हवी. बोटातलं थेंबभर रक्त आणि थोडी मिनिटं लागतात. ती झाली असती तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. दुसरी संधी ऑगस्ट-सप्टेंबरात, उचल वाटली जाते तेव्हा. कोण कोण जाणार हे तेव्हा गावात सगळ्यांना माहीत असतं. त्या आठवड्यांत गावोगाव रक्ततपासणी लावली आणि एकट्या बायांची न करता जोडप्यांची केली, तर दिवस गेल्याचं लपवणारीचंही रक्त तपासलं जाईल.

पेनिसिलिनची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. पण तिच्यावर उपाय ट्रेमध्ये ॲड्रेनॅलिन भरून ठेवणं आणि ते द्यायचा सराव करणं हा आहे. बाईला ३० किलोमीटर पाठवून देणं हा नव्हे. त्या केंद्रात आता पहिला डोस तिथंच देतात.

कार्डावर काय लिहायचं यावर आमच्यात अजून एकमत नाही. काहीच लिहिलं नाही तर रात्री दोनला येणाऱ्या बाईचे उपचार झालेत की नाही हे ड्युटीवरच्या डॉक्टरांना कळणार नाही. सध्या आतल्या पानावर, तपासणीच्या ठरलेल्या रकान्यात औषध आणि तारखा लिहितो, आजाराचं नाव नाही. काही सहकाऱ्यांना हे पुरेसं वाटत नाही, आणि त्यांचंही अगदीच चूक नाही.

बाळंतपणाचं बोलणं मात्र रिपोर्ट सांगताना, त्याच बैठकीत व्हायला हवं. इथं ते झालं नाही, आणि ती मोकळी जागा शेजारणीनं, दिरानं आणि मुकादमाच्या पैशानं भरून काढली. ‘यानं सिझर लागत नाही, लागलं तर दुसऱ्या कारणानं लागेल’ हे सांगायला दोन मिनिटं लागतात.

नवऱ्याचा सहा महिन्यांचा आरपीआर अजून बाकी आहे. तो कारखान्यावर आहे. त्या तालुक्यातल्या समुपदेशकाचा नंबर त्याला दिलेला आहे आणि त्यांनाही कळवलेलं आहे. अजून तो गेलेला नाही. पट्टा पडल्यावर आशाताई त्याला घेऊन येणार आहेत.